आकडा नक्की राहतो कुठे? एक्सेल आणि क्लाऊड प्लॅनिंगच्या जोडणीचा आढावा

कंपनीने बजेटिंगसाठी क्लाऊडवरचं महागडं प्लॅनिंग सॉफ्टवेअर घेतलं. कन्सल्टंट मंडळींनी अनेक महिने खपून ते उभं केलं. मग पहिलं ट्रेनिंग होतं आणि फायनान्सवाल्यांचा पहिला प्रश्न येतो: "हे एक्सेलमध्ये कसं उघडायचं?" हिंजवडी-खराडीच्या पट्ट्यात या धंद्यात असलेल्या कुणालाही विचारा, हा प्रश्न त्याला पाठ असतो. बरेच जण त्यावर हसतात. माझ्या मते प्रश्न अगदी रास्त आहे, आणि हा सगळा उद्योग गेली चाळीस वर्षं त्याच प्रश्नाभोवती फिरतो आहे.

स्प्रेडशीट आधी आली, तिच्या चुका निस्तरायला मोठी सॉफ्टवेअर मागाहून आली, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात दोन्ही जवळजवळ बरोबरीने वाढली. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये ॲपल-२ वर आलं. लोटस १-२-३ आलं १९८३ मध्ये, आणि एक्सेल १९८५ मध्ये, तेही आधी मॅकिंटॉशवर. याच सुमारास एक्सॉनमध्ये काम करणाऱ्या मॅनी पेरेझ यांच्या डोक्यात टीएम-१ ची कल्पना घोळत होती: आकडे एका सामाईक बहुमितीय कोठारात ठेवायचे, ते संगणकाच्या मेमरीतच झटपट जुळवायचे आणि बघणाऱ्याला मात्र ओळखीच्या रांगा-स्तंभांत दाखवायचे. १९९२ मध्ये आर्बर सॉफ्टवेअरने एसबेस हा त्याच धाटणीचा बहुमितीय डेटाबेस बाजारात आणला. त्याला वापरकर्त्यासाठी वेगळा चेहरा असा नव्हताच. लोटसमध्ये किंवा एक्सेलमध्ये एक मेनू वाढायचा, एवढंच. पुढच्याच वर्षी एडगर कॉड यांनी आकड्यांच्या अशा बहुमितीय विश्लेषणासाठी 'ओलॅप' ही संज्ञा रूढ करणारा निबंध लिहिला. रिलेशनल डेटाबेसचे जनक म्हणून त्यांचा दबदबा मोठा, पण निबंधामागे आर्बर कंपनीच होती हे नंतर उघड झालं आणि थोडी शोभाही झाली. संकल्पना मात्र टिकली.

नंतरची खरेदी-विक्रीची कहाणी लांबलचक आहे. त्यातलं २००७ हे वर्ष तेवढं लक्षात ठेवावं. ओरॅकलने हायपेरियन ३.३ अब्ज डॉलरला घेतली (आर्बर तोवर हायपेरियनमध्ये विलीन झालेली होती), एसएपीने आउटलुकसॉफ्ट घेतली, कॉग्नोसने टीएम-१ वाली ॲप्लिक्स घेतली आणि लगोलग आयबीएमने कॉग्नोस घेण्याची घोषणा केली. म्हणजे एका वर्षात एक्सेलला जोडून चालणारी बहुतेक सगळी प्रमुख इंजिनं तीन बड्या घरांत गेली. त्याच वर्षी खुद्द मायक्रोसॉफ्टने परफॉर्मन्सपॉइंट हे स्वतःचं प्लॅनिंग सॉफ्टवेअर आणलं. एक्सेल घरचं, डेटाबेस घरचा, तरी २००९ च्या सुरुवातीला त्यातला प्लॅनिंगचा भाग गुंडाळण्याचं त्यांनी जाहीर केलं. एक्सेल हातात असणं पुरेसं नाही, हे यातून दिसलं.

क्लाऊडची पिढी आली ती या घरांच्या बाहेरून. ॲनाप्लॅन २००६ मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये सुरू झाली. अडॅप्टिव्ह इनसाइट्सला २०१८ मध्ये वर्कडेने दीड अब्ज डॉलरहून अधिक मोजले. ओरॅकलने आपलं प्लॅनिंग २०१४ मध्ये क्लाऊडवर नेलं. सुरुवातीला यांतल्या काहींचा सूर "एक्सेल विसरा" असा होता. आज त्यांच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे एक्सेलचं ॲड-इन आहे, आणि विक्रीच्या डेमोत ते आवर्जून दाखवलं जातं.

एक्सेलविरुद्धचा खटला जुना आहे आणि पुरावाही भक्कम आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या हिशेबातून कोविडचे १५,८४१ रुग्ण गळाले. प्रयोगशाळांकडून आलेला डेटा एक्सेलच्या जुन्या फाईल प्रकारात भरला जात होता, त्याची मर्यादा ६५,५३६ ओळींची, आणि त्यापुढचं सगळं मुकाट्याने कापलं गेलं. जेपी मॉर्गनच्या २०१२ च्या 'लंडन व्हेल' प्रकरणात तोटा सहा अब्ज डॉलरच्या वर गेला. बँकेच्याच चौकशी अहवालात नोंद आहे की जोखीम मोजणारं मॉडेल एक्सेलच्या अनेक फाईलींमधून, हाताने कॉपी-पेस्ट करत चालवलं जात होतं. कॅनडाच्या ट्रान्सअल्टाने २००३ मध्ये एका कॉपी-पेस्टच्या घोळात २ कोटी ४० लाख डॉलर घालवले. ही उदाहरणं सहसा 'सूत्र चुकलं' या सदरात मोडतात. लंडनच्या प्रकरणात सूत्रही चुकलं होतंच. पण तिन्हींत समान धागा आहे तो आकड्यांच्या ने-आणीचा. आकडा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी माणसाच्या हाताने, किंवा कुणी न पाहिलेल्या मर्यादेतून गेला. म्हणून जोडणी हा विषय तांत्रिक खात्यावर सोपवून मोकळं होण्यासारखा नाही.

जोडणीचा सगळ्यांत गरीब प्रकार म्हणजे फाईल काढणं आणि फाईल चढवणं. सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही उतरवायची, एक्सेलमध्ये उघडायची, काम करायचं, परत चढवायची. फुकटात होतं, म्हणून सगळीकडे चालतं. पण सीएसव्हीवर डबल-क्लिक केलं की एक्सेल स्वतःची अक्कल चालवतं. कॉस्ट सेंटर ००४१० असेल तर त्याचं ४१० होतं. ३-१२ अशा कोडची तारीख होते. सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच अंक धरून ठेवतं. या तारखेच्या खोडीला कंटाळून मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली. मायक्रोसॉफ्टने हे आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याची सोय २०२३ मध्ये दिली. तोवर जगभरातल्या किती कॉस्ट सेंटरांची शून्यं गेली, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

त्यावरची पायरी म्हणजे पॉवर क्वेरीसारखी वाचन-जोडणी. एक्सेल २०१६ पासून ती आतच येते. सॉफ्टवेअरच्या एपीआयला किंवा डेटाबेसला एकदा जोडून दिलं की पुढच्या महिन्यात फक्त रिफ्रेश दाबायचं. आकडे एकाच दिशेने येतात, परत जात नाहीत. एमआयएस अहवालांसाठी ही फार चांगली आणि कमी वापरली जाणारी वाट आहे. मधल्या आकाराच्या कित्येक कंपन्यांची निम्मी गरज एवढ्यावर भागते, पण त्यात विकण्यासारखं विशेष काही नसल्याने ती कुणी आवर्जून सांगत नाही.

खरा खेळ सुरू होतो तो ॲड-इनपासून. ओरॅकलचं स्मार्ट व्ह्यू, आयबीएमचं प्लॅनिंग ॲनालिटिक्स फॉर एक्सेल, एसएपी ॲनालिटिक्स क्लाऊडचं ॲड-इन ही यातली ठळक नावं. लॉगिन केलं की शीटवर एक जिवंत तक्ता येतो. वर्षावर डबल-क्लिक केलं की तिमाह्या, तिमाहीवर केलं की महिने. पश्चिम विभाग उघडला की खाली पुणे, नाशिक, नागपूर. त्यातही दोन पंथ आहेत. एक पंथ असा संपूर्ण तक्ता एका दमात आणतो. दुसरा प्रत्येक सेलमध्ये एक सूत्र ठेवतो: अमुक खातं, अमुक महिना, अमुक शाखा, आकडा आण. अनुभवी अकाउंटंटला दुसरा पंथ मनापासून आवडतो. कारण बोर्डाला जाणारा तो ठरलेला, रंगवलेला, मधे रिकाम्या ओळी सोडलेला तक्ता तसाच ठेवून आकडे तेवढे जिवंत करता येतात.

पण याची किंमत वेगात मोजावी लागते. अहवालात चार हजार सेल आहेत आणि प्रत्येक सेल सर्व्हरला स्वतंत्रपणे विचारतो आहे, असं धरा. एका फेरीला पाव सेकंद लागला तरी हजार सेकंद झाले, म्हणजे सोळा-सतरा मिनिटं. सर्व्हर त्याच इमारतीत होता तेव्हा हे खपून जायचं. सर्व्हर दुसऱ्या शहरातल्या किंवा देशातल्या डेटा सेंटरमध्ये गेला, मधे कंपनीचं व्हीपीएन आलं, आणि जुनी शीट तीच असून अचानक रडायला लागली. टीएम-१ च्या जगात यावरचा उपाय जुनाच आहे. तिथे एकेकट्याने विचारणारं डीबीआर आणि सगळ्या सेलचे प्रश्न एकत्र करून एका खेपेत पाठवणारं डीबीआरडब्ल्यू अशी दोन सूत्रं आहेत. नुसतं डब्ल्यू जोडल्याने अहवाल मिनिटांवरून सेकंदांवर येऊ शकतो. क्लाऊडवर गेल्यावर "सॉफ्टवेअर स्लो आहे" अशी तक्रार आली, तर सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी शीटमध्ये कोणतं सूत्र आहे ते बघावं.

वाचनाचा प्रश्न असा बऱ्यापैकी सुटलेला आहे. घोडं अडतं ते परत लिहिताना.

नागपूर शाखेच्या प्रवासखर्चाचं उदाहरण घेऊ. शाखेच्या फायनान्स प्रमुखाने वर्षाच्या बेरजेच्या सेलमध्येच थेट १२ लाख टाकले आणि सबमिट दाबलं. साध्या शीटमध्ये बेरजेचं सूत्र पुसलं गेलं असतं आणि विषय संपला असता. प्लॅनिंगच्या इंजिनात बेरीज ही महिन्यांतून तयार होते, त्यामुळे वरून टाकलेला आकडा खाली वाटावा लागतो. समान वाटायचा, की गेल्या वर्षीच्या प्रमाणात? गेल्या वर्षी मेमध्ये काहीच खर्च नसेल तर मेला काय द्यायचं? ॲनाप्लॅनमध्ये याला ब्रेकबॅक म्हणतात, इतर ठिकाणी स्प्रेडिंग. काही मॉडेलांत बेरजेवर लिहायची परवानगीच नसते. हे नियम प्रमुखाला शीटवर कुठेच दिसत नाहीत. त्याने टाकलेले १२ लाख, आणि रिफ्रेश केल्यावर महिन्यांत विखुरलेले आकडे पाहून त्याचा सॉफ्टवेअरवरचा विश्वास उडतो.

त्याच शीटमध्ये दुसरी मेख आहे ती शून्याची. एसबेसच्या कुळात 'आकडाच नाही' आणि 'आकडा शून्य आहे' या दोन वेगळ्या अवस्था आहेत. आकडा नसेल तिथे शीटवर 'मिसिंग' असं उमटतं. ते दिसायला घाण दिसतं, म्हणून कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन त्या जागी शून्य दाखवायला लावतं. पुढे तीच शीट मूल्यं म्हणून दुसरीकडे पेस्ट होते, सबमिट होते आणि हजारो खरीखुरी शून्यं डेटाबेसमध्ये जाऊन बसतात. एसबेसच्या ब्लॉक पद्धतीच्या रचनेत शाखा आणि खात्याच्या ज्या जोड्यांना कधीच आकडा येणार नव्हता, त्यांच्यासाठीही जागा तयार होते. डेटाबेस फुगतो, रात्रीचं कॅल्क्युलेशन लांबतं, आणि सकाळी आयटीवाले कारण शोधत बसतात. एका सेटिंगचा प्रताप, पण दोषारोप आठवडाभर चालतो.

लाख आणि कोटींमुळे आपल्याकडे यात आणखी एक पेच वाढतो. एक्सेलच्या नंबर फॉरमॅटमध्ये स्वल्पविराम लावून आकडा हजारांत किंवा दशलक्षांत दाखवता येतो. लाखांत दाखवायची तशी सरळ सोय नाही. मग मंडळी काय करतात, बाजूला एक लाखाने भागणारं सूत्र लावतात. वाचायला छान. लिहायची वेळ आली की प्रश्न: सूत्र असलेल्या सेलमधून डेटाबेसमध्ये काय जाणार? काही ॲड-इन उत्तराची किंमत पाठवतात, काही तो सेल सोडून देतात, काही सूत्रच पुसतात. आणि डेटाबेस रुपयांत साठवत असेल तर १२ लाखांऐवजी १२ रुपये जातात. आकडा एवढा हास्यास्पद असला तर पकडला तरी जातो. पंचवीस शाखांपैकी एकीनेच असं केलं तर एकूण बेरजेत तो सहज लपतो.

दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर काय, हा नेहमीचा प्रश्न. बहुतेक सॉफ्टवेअरचं उत्तर सरळ आहे: ज्याने शेवटी सबमिट केलं त्याचा आकडा राहतो. फक्त बदललेले सेलच पाठवले जातात, त्यामुळे व्यवहारात भांडणं कमी होतात. सकाळी अकराला उघडलेल्या शीटवर दुपारी चारपर्यंत काम करून अख्खा तक्ता पुन्हा पेस्ट केला की मात्र सगळेच सेल 'बदललेले' ठरतात, आणि मधल्या पाच तासांत सहकाऱ्याने केलेलं काम पुसलं जातं. म्हणून लिखाणासाठी खुला तक्ता न देता ठरावीक फॉर्म द्यावा, त्यात लिहिण्याजोगे सेल मोजके असावेत आणि बाकीचे कुलूपबंद. फायनान्सवाल्यांना हे आवडत नाही. तरीही तसंच करावं.

नवीन कॉस्ट सेंटर उघडल्याची गोष्ट वेगळी. मॉडेलमध्ये ते आलं, बेरजेत धरलं गेलं, पण जुन्या शीटमध्ये शाखांची नावं टाईप केलेली असल्याने तिथे ते नाही. मीटिंगमध्ये "तुझा आकडा आणि माझा आकडा" हा वाद निघतो तो बहुतेक वेळा इथूनच. उपाय सोपा आहे: शाखांची यादी शीटमध्ये टाईप न करता मॉडेलमधूनच ओढून घ्यायची.

सुरक्षिततेबद्दल विक्रेते फार छातीठोकपणे बोलतात. सॉफ्टवेअरमध्ये कुणी कोणता सेल पाहावा याचे काटेकोर नियम असतात, आणि ते ॲड-इनमधूनही पाळले जातात. पण एचआरने पगाराचं बजेट रिफ्रेश करून फाईल सेव्ह केली आणि ती मेलवर पाठवली, तर उघडणाऱ्याला लॉगिन न करताही ते पगार दिसतात. त्याने रिफ्रेश केलं असतं तर नियम आड आले असते. तो रिफ्रेश करतच नाही.

हिशेब तपासणीची बाजूही आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं आहे. बजेट या नियमात थेट येत नाही, पण अंतर्गत वित्तीय नियंत्रणांवर मत देणारा ऑडिटर तरतुदी आणि मूल्यांकनामागचा अंदाज कुठून आला हे विचारतो. पुण्या-मुंबईतली जी केंद्रं अमेरिकी कंपन्यांसाठी काम करतात, त्यांना २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यामुळे हा प्रश्न चांगलाच ओळखीचा आहे. आकडा मॉडेलमध्ये असेल तर कुणी, कधी, काय बदललं याचं उत्तर मिळतं. आकडा कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या फाईलीत असेल तर उत्तर म्हणून त्या माणसालाच बोलवावं लागतं.

रोजची कटकटही थोडी सांगायला हवी. जुन्या पद्धतीची ॲड-इन फक्त विंडोजवर, संगणकावर बसवलेल्या एक्सेलमध्ये चालतात. सुरू व्हायला वेळ घेतला की एक्सेल त्यांना आपणहून बंद करतं, आणि सकाळी रिबनवरून टॅबच गायब झालेला असतो. नवी, वेब पद्धतीची ॲड-इन मॅकवर आणि ब्राउझरमधल्या एक्सेलवरही चालतात, पण जुन्यांच्या सगळ्या सोयी त्यांत आल्या आहेतच असं नाही. त्यात क्लाऊडचं सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या वेळापत्रकाने बदलतं, ओरॅकलचं तर दर महिन्याला, आणि दोनशे लॅपटॉपवरचं ॲड-इन गेल्या वर्षीचंच राहतं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकांचा सध्या बराच गाजावाजा आहे. साचेबद्ध अहवालाची भाषा ते बरी लिहितात. शून्याचा किंवा लाखांचा घोळ त्यांच्यामुळे मिटत नाही.

एक तिसरा मार्गही आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे तो पुरेसा तपासला जात नाही. टोरँटोची व्हेना, जर्मनीत फ्रायबुर्गची जेडॉक्स, इस्रायलची डेटारेल्स यांनी एक्सेलशी भांडण सोडूनच दिलं. शीट हाच त्यांचा चेहरा, डेटाबेस, वर्कफ्लो आणि परवानग्या तिच्या मागे. ज्यांची सगळी शहाणीव पंधरा वर्षांच्या एक्सेल फाईलींत साठलेली आहे अशा, काही शे कोटींची उलाढाल असलेल्या कारखानदारी कंपन्यांना हे बसतं. तोटा असा की जुन्या फाईलींतला गोंधळही जसाच्या तसा आत येतो, कारण तो उपसून काढायची वेळच येत नाही.

मग कुणी काय करावं? ज्या कंपनीचं बजेट चार-पाच जण एका टेबलावर बसून करतात, तिला प्लॅनिंग सॉफ्टवेअरची गरज नाही. शेअर केलेली एक फाईल आणि पॉवर क्वेरी पुरे. त्याहून मोठ्यांनी एक रेघ आखून घ्यावी. एकाहून अधिक माणसांना लागणारं गणित मॉडेलमध्ये जाईल, आणि बोर्डापुढे किंवा बँकेपुढे जाणारा कोणताही आकडा फक्त शीटमध्ये राहणार नाही. बाकी सारं, म्हणजे बाजूच्या स्तंभातले तर्क, 'डिझेल दहा टक्के वाढलं तर' अशी चाचपणी, मीटिंगच्या आधल्या रात्रीची जुळवाजुळव, खुशाल एक्सेलमध्ये राहू द्यावं. ते तिथून काढायचा प्रयत्न केला तर ते लपून होईल.

आणि खरेदीच्या टेबलावर बसलेल्यांना एक विनंती. विक्रेत्याचा डेमो त्याच्या फाईलीवर, त्याच्या नेटवर्कवर पाहू नका. तुमची मार्चमधली सगळ्यांत ओबडधोबड फाईल द्या, तुमच्या व्हीपीएनवरून ॲड-इन चालवायला लावा, आणि रिफ्रेशला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. बेरजेच्या सेलमध्ये आकडा टाकून सबमिट करायला सांगा. मग एक नवीन कॉस्ट सेंटर उघडायला लावून अहवालाची बेरीज जुळते का ते तपासा. एवढं दाखवायला तो तयार नसेल, तर सही पुढच्या तिमाहीवर ढकला.